दोनशे पन्नास वॅट

ही खरी गोष्ट आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, माझं काही अडत नाही.

भुताच्या गोष्टींच्या या पानावर रोज कोणी ना कोणी अमावस्येच्या रात्री बारा वाजता सुनसान रस्त्याने जात असतं. मग पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते आणि हा उंटावरचा शहाणा गाडी थांबवतो. वाचून हसू येतं. बावीस वर्षं माझं दुकान हायवेला लागून आहे. रात्री-अपरात्री बंद पडलेल्या शेकडो गाड्या मी चालू केल्या. पांढऱ्या साडीतली एकही बाई मला भेटलेली नाही.

माझ्या बाबतीत जे घडलं ते भर दुपारी घडलं. गेल्या उन्हाळ्यात, सव्वातीन वाजता, ट्रक तोलायच्या बंद पडलेल्या वजनकाट्यासमोर. ऊन इतकं कडक होतं की बोनेटवर हात ठेववत नव्हता.

मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. हल्ली लोकांना गाडीत अख्खं घर हवं असतं. लॅपटॉप हवा, मिक्सर हवा, एकाला तर इस्त्री हवी होती. मग येतात इन्व्हर्टर मागायला. गाडीच्या बॅटरीतून घरासारखी वीज काढून देणारा हा एक डबा, बस. पण वॅट म्हणजे काय हे शंभरात दोघांना ठाऊक नसतं, आणि उरलेले अठ्ठ्याण्णव मला शिकवतात.

त्यातला एक नमुना म्हणजे शंकासुर.

हे नाव मीच ठेवलं होतं. सत्तरीचा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, खिशात पेन. बायकोला फुप्फुसाचा आजार, चोवीस तास ऑक्सिजनचं मशीन. तिला गाडीने बहिणीकडे न्यायचं होतं. सहा तासांचा रस्ता.

त्यांनी घडी घातलेला कागद काढला. त्यावर नंबर घालून शंका लिहिल्या होत्या.

"हे मध्येच बंद तर पडणार नाही ना?"

"नाही हो काका."

"लायटरच्या सॉकेटला लावलं तर चालेल ना? की बॅटरीपासून वेगळी वायर लागते?"

खरं तर वेगळी वायर लागते. दोनशे पन्नास वॅटचं मशीन होतं त्यांचं, तेही त्यांनी कागदावरून वाचून सांगितलं होतं. लायटरचा फ्यूज तेवढ्यावर तास-दीड तास तग धरतो आणि मग जातो. पण वायर ओढायची म्हणजे सीट उचला, मॅट काढा, दीड तासाचं काम. दुकानात तीन गाड्या उभ्या होत्या.

"चालेल चालेल. लावा आणि झोपा काढा."

मी कागदाकडे पाहिलंही नाही. मोबाईलचा चार्जर लावून दाखवला, डब्याच्या छोट्या पडद्यावर लाल आकडा उमटला. काकांनी मान डोलावली. प्रत्येक शंकेपुढे ते माझं उत्तर लिहून घेत होते. शाळेतली पोरं तरी इतकं लिहीत नाहीत.

मग पाचवी शंका.

"आणि समजा, फ्यूजच उडाला तर?"

मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. शेजारचा पंक्चरवाला माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता.

"तर काय काका, काकूंना फुंकर घाला!"

सगळे हसले. पंक्चरवाला तर पोट धरून हसला.

काका हसले नाहीत. त्यांनी तेही लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी त्यांची मुलगी आली. इन्व्हर्टर काउंटरवर ठेवला. त्याला रबरबँडने तोच घडीचा कागद बांधलेला.

"बाबांनी द्यायला सांगितलंय. घरी आता लागत नाही."

"वापरलेला माल मी परत घेत नाही, ताई."

"परत घेऊ नका. ठेवा."

ती निघून गेली. काय झालं, असं मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, आणि म्हणूनच विचारलं नाही. कागद न उघडता डबा फळीवर ठेवून दिला.

दोन महिन्यांनी माझ्यावर तीच वेळ आली.

माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिलाही ऑक्सिजन लागलेला. मोठ्या डॉक्टरांची तारीख मिळाली होती, पाच तासांवरच्या शहरात. न्यायचं होतं मलाच.

नवा इन्व्हर्टर मागवायला वेळ नव्हता. फळीवरचा होता, जेमतेम एकदा वापरलेला.

तो मी ताईच्या गाडीत बसवला. आणि ऐका, लायटरला नाही बसवला. बॅटरीपासून जाड वायर ओढली. सीट उचलली, मॅट काढली. वेगळा फ्यूज टाकला. अडीच तास लागले. एकदाही कंटाळा आला नाही.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, शेजारी उभे राहून बघत होते. निवृत्त कारकून. टूथपेस्टच्या खोक्यावरच्या सूचनाही पेन्सिलने खुणा करत वाचतील असा माणूस. त्यांनी डिकीत छोटा ऑक्सिजन सिलेंडर आणून ठेवला.

"हा कशाला?"

"असू दे रे. वेळ काय सांगून येते?"

"माझ्या कामावर भरवसा नाही, असं सरळ सांगा ना!"

मी सिलेंडर उचलून परत ओसरीवर नेऊन ठेवला. भाऊजी बाजूला सरकले. ते कधीच उलट बोलत नाहीत, आणि मला त्याचीच चीड येते.

साडेबाराला निघालो. मी गाडी चालवत होतो, शेजारी भाऊजी. मागे डाव्या बाजूला ताई, पायाशी तिचं मशीन. उजव्या बाजूची सीट रिकामी, तिथे नुसती शाल. इन्व्हर्टर आम्हा दोघांच्या मध्ये, खाली.

भाऊजींनी वही काढली. दर पंधरा मिनिटांनी डब्याचा आकडा वाचायचा आणि लिहायचा. हजेरी घ्यावी तसा.

"दोनशे ऐंशी."

ताईच्या मशीनचा लोड तेवढाच. मी म्हटलं, "भाऊजी, तो दोनशे ऐंशीच राहणार. वीज आहे ती, भाजीचा भाव नाही."

"बरं," म्हणाले, आणि पंधरा मिनिटांनी परत, "दोनशे ऐंशी."

तीन वाजले. दोनशे ऐंशी.

मशीनचा आवाज एकसुरी. सुस्स... ठक्. सुस्स... ठक्. ताईचा डोळा लागला होता.

आणि मग...

ठक् नंतर आणखी एक आवाज आला.

सुस्स...

मला वाटलं, खिडकीची फट. काच पाहिली. बंद होती.

सुस्स... ठक्. सुस्स... ठक्. मध्ये दुसरी लय, जरा अडखळणारी. थकलेली.

भाऊजींनी घड्याळ पाहिलं. वाकले. पेन्सिल हातातच राहिली.

"अरे... पाचशे तीस."

"चष्मा पुसा."

"पाचशे तीसच आहे."

मी खाली पाहिलं. डब्याला दोन सॉकेट. एकात ताईची पिन. दुसरं रिकामं. आकडा... पाचशे तीस.

डबा पाचशे वॅटचा. तो किंचाळायला लागला आणि खटकन बंद पडला. ताईचं मशीन थांबलं.

गाडी बाजूला घेतली. तो बंद वजनकाटा, समोर गंजलेलं फाटक. चिटपाखरू नाही. मी ताईची पिन काढली. आता डब्याला काहीच लावलेलं नव्हतं.

पडदा आपोआप पेटला.

दोनशे पन्नास.

डबा खराब झाला, असं मी ओरडून सांगितलं. कोणाला सांगितलं कोण जाणे. बोनेट उघडलं, बॅटरीवरून वायरच उपटली. मागे आलो. आता या डब्यात वीज यायला जागाच नव्हती.

दोनशे पन्नास.

तुमच्यातला एखादा दीडशहाणा म्हणेल, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. राहते. काही सेकंद राहते. हे मला शिकवू नका.

ताईचे ओठ जांभळे पडायला लागले होते. जवळचं हॉस्पिटल चाळीस किलोमीटर. सिलेंडर घरी, ओसरीवर. मीच नेऊन ठेवलेला.

डिकी उघडल्याचा आवाज आला. भाऊजी सिलेंडर घेऊन आले.

"तू वायर ओढत होतास तेव्हा परत ठेवला," एवढंच म्हणाले.

त्यांनी सिलेंडरची चावी फिरवली, नळी ताईच्या नाकाशी नेली. ताईने ती हाताने बाजूला सारली.

"तिला आधी."

"कोणाला गं?"

"ही काय... शेजारी बसलीये. किती वेळची तडफडतेय. दिसत नाही का तुम्हाला?"

उजव्या सीटवर शाल होती. नुसती शाल.

"ताई, घे मुकाट्याने!" मी ओरडलो. तिने मान फिरवली. दात घट्ट. माझी बहीण हट्टी आहे, पण इतकी कधीच नव्हती.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते सरळ पलीकडच्या दाराने आत वाकले आणि नळी त्या रिकाम्या सीटपाशी धरली. माणसाचं नाक जिथे असेल, बरोब्बर तेवढ्या उंचीवर.

"भाऊजी, वेड लागलंय का? ताई मरेल!"

"थांब जरा," ते म्हणाले. आणि मग त्या रिकाम्या जागेला, अगदी हळू, "घ्या वहिनी. सावकाश घ्या."

मी डब्याकडे पाहिलं.

दोनशे पन्नास...

एकशे नव्वद...

ऐंशी...

शून्य.

पडदा विझला. ताईने स्वतःहून हात पुढे केला, नळी घेतली आणि खोल श्वास ओढला.

मी वायर परत जोडली. मशीन चालू झालं. पुढचे दोन तास आकडा दोनशे ऐंशीवरून हलला नाही. भाऊजी दर पंधरा मिनिटांनी वाचत होते. मी एकदाही टोकलं नाही.

ताई आज बरी आहे. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तिने मला विचारलं, "ती बाई कुठे उतरली रे?" मी म्हटलं, तू झोपेत होतीस. तिने वाद घातला नाही.

घरी आल्यावर डबा काढून दुकानात आणला. शटर अर्धं ओढलं आणि फळीवरच राहिलेला तो कागद पहिल्यांदा उघडला.

सुवाच्य अक्षर. पाच शंका, पाच उत्तरं.

"१. मध्येच बंद पडेल का? — नाही."

"२. लायटरच्या सॉकेटला चालेल का? — चालेल. झोपा काढा."

तिसरी आणि चौथीही अशीच. माझे शब्द, जसेच्या तसे.

"५. फ्यूज उडाला तर? — फुंकर घाला."

त्याच्याखाली त्याच अक्षरात, फक्त ओळ वाकडी गेलेली...

"घातली. दुपारी ३.१५ ते ३.२६."

त्या माणसाला चेष्टा कळली नव्हती असं मला वाटायचं. चेष्टा कळली असणार. पण बायको समोर गुदमरत असताना, भर रस्त्यात, त्याच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. म्हणून त्याने कागदावर होतं ते केलं. अकरा मिनिटं.

डबा अजून फळीवर आहे. वायर नाही, बॅटरी नाही. दोनदा भंगारात टाकायला नेला आणि दोनदा परत आणला. दुपारी सव्वातीनला पडदा पेटतो. दोनशे पन्नास. तीन सव्वीसला विझतो. पंक्चरवाल्याला एकदा दाखवला. तो आता माझ्या दुकानात चहाला येत नाही.

गिऱ्हाइकं अजून तशीच मूर्ख आहेत, त्यात काही फरक पडलेला नाही. पण ऑक्सिजनचं मशीन म्हटलं की मी सीट उचलतो, त्यांनी नको म्हटलं तरी. त्या अकरा मिनिटांत मात्र कोणाचं काम हातात घेत नाही. फळीसमोर उभा राहतो.

काकांचा नंबर जुन्या पावतीवर आहे. रोज तीन सव्वीसनंतर फोन हातात घेतो. ते उचलतील आणि त्यांची पहिलीच शंका परत विचारतील, मध्येच बंद तर पडणार नाही ना, असं वाटतं.

नऊ आकडे दाबून होतात. दहावा अजून दाबलेला नाही.