टेम्पोच्या सीटमधली पोकळी

ओक्बुन टेम्पोची सीट दुरुस्त करायला बसली, ती काही हौस म्हणून नव्हे. नवरा, गिल्सू, रोज कंबर धरून घरी यायचा आणि खापर तिच्या डोक्यावर फोडायचा. खुर्च्यांच्या गाद्या शिवायच्या कारखान्यात आठ वर्षं काढलेली बायको घरात, आणि माझ्या बुडाखाली हा खड्डा, म्हणायचा. टेम्पो जुना, एका विधवेकडून स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला. मुखो बंदरात सुकी मासळी भरायची आणि घाटापलीकडच्या गावांत विकायची, हा त्याचा धंदा. सीट इतकी बसली होती की गिल्सूसारखा धिप्पाड गडी आत बसला की बाहेरून नुसती टोपी दिसायची.

सकाळची वेळ होती, हवेत कोरडी थंडी. ओक्बुननं बोल्ट काढून सीट अंगणात उतरवली. ओसरीवर सासू बसलेलीच होती. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण जिभेला अजून काही झालं नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं.

"गाद्या भरता येतात हिला," सासू भिंतीला सांगावं तसं म्हणाली. "पाळणा तेवढा भरता येत नाही."

ओक्बुननं पकडीनं तारेच्या कड्या एकेक करून उचकटल्या आणि रेक्झिनचं कव्हर सोलून काढलं. आतून घामाचा आणि डिझेलचा वास आला. तो तिच्या सवयीचा होता. त्याखाली मात्र आणखी एक वास होता, खारट, ओहोटीनंतर खडकांना येतो तसा. फोमच्या मधोमध कुणीतरी सुरीनं खोबण कोरली होती, आणि खोबणीत बुगो होता.

अख्खा सुकवलेला मासा, हातभर लांब, डोक्यासकट, पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळलेला. त्या किनाऱ्यावर गाडी घेतली की असा बुगो बांधतातच. त्याचे डोळे कधी मिटत नाहीत. तो राखण करतो, चालवणाऱ्यावर येणारं अरिष्ट स्वतःच्या अंगावर घेतो. पण बांधतात तो समोर, काचेपाशी. बुडाखाली कोंडून, वरून शिवून कुणी ठेवत नाही. ओक्बुनला ते काही ठीक वाटलं नाही. तरी नवा फोम भरताना जागच्या जागी ठेवायचा असं ठरवून तिनं तो ओसरीच्या कडेला ठेवला, आणि फोम अन् सोल्युशन आणायला बाजारात गेली.

परत आली तेव्हा शेगडीवर सार उकळत होतं. आदल्या रात्री गिल्सूला सोजू जास्त झाली होती, आणि दारू उतरवायला बुगोच्या सारासारखं दुसरं काही नाही. सुक्या मासळीच्या घरात असे मासे पैशाला पासरी. म्हातारीच्या हाताला ओसरीवरचा लागला. तिनं तोच उचलला, धोपटण्यानं बडवून मऊ केला आणि पातेल्यात टाकला. त्याच्यावरचा दोरा म्हणजे जुडी बांधायचा दोरा, असं तिला वाटलं असणार.

ओक्बुनच्या ओठांवर शब्द आला होता. आई, तो खायचा मासा नव्हे. एवढंच तर म्हणायचं होतं. पण सकाळचा पाळणा अजून काळजात सलत होता. खा म्हणावं मायलेकांनी! मूग गिळून ती दारात उभी राहिली. म्हातारीनं एक वाटी घेतली. गिल्सूनं भात कालवून दोन वाट्या रिचवल्या. मग दातांतून काहीतरी ओढून काढलं, उजेडात धरलं, आणि पांढऱ्या दोऱ्याचा तो तुकडा गुडघ्याला पुसून टाकला.

तिला तो म्हणाला, "तू नाही घेत?"

"भूक नाही."

दुपारी तिनं जुना फोम फेकून नवा कडक फोम बसवला, वाफेनं कव्हर ताणलं आणि दाभणानं कडा पक्क्या शिवल्या. काम झकास झालं होतं. तिसऱ्याच दिवशी घाटात ब्रेक लागेनासे झाले आणि टेम्पो खडकावर आदळला. पुढचा पत्रा चेपला, काचेचा भुगा झाला, आणि गिल्सूला साधा ओरखडासुद्धा आला नाही. पोराचं नशीब बलवत्तर म्हणून म्हातारी गल्लीभर सांगत सुटली.

ओक्बुन मात्र नवऱ्याचे डोळे बघत होती. त्या सारानंतर नवऱ्याची पापणी लवलेली तिनं पाहिली नव्हती. झोपला तरी डोळे उघडेच असायचे. जेवण सुटलं. चेहरा दिवसागणिक आत ओढला जाऊ लागला. अंगणात ओढून आणून ठेवलेल्या त्या मोडक्या टेम्पोत तो सकाळपासून जाऊन बसायचा आणि फुटक्या काचेतून रस्त्याकडे बघत राहायचा. एकदा ती त्याला हाक मारायला गेली आणि तिची नजर सीटवर पडली. फोम दबलाच नव्हता! कितीही कडक फोम घ्या, माणसाच्या वजनानं बोटभर तरी बसतोच. आणि हा तर भरलेल्या पोत्यासारखा गडी. तिनं दंड धरून त्याला उठवलं, तर तो एका हातानं उचलला गेला.

तेव्हा मात्र तिला कळलं, राग सासूचा आणि काढला नवऱ्यावर. वाईट असेल, तोंडाळ असेल, पण तिचाच होता तो. तिचे वडील नावाडी होते. जुन्या बुगोच्या जागी वेळेत नवा ठेवला की राखण त्याच्याकडे जाते, असं ते सांगत. तिनं मालातला सगळ्यात मोठा मासा निवडला, दोरा गुंडाळला, आणि भर दुपारी टेम्पोशी गेली. गिल्सू शेजारच्या सीटवर सरकून बसला होता, जणू तिची वाटच बघत होता.

तिनं आपलीच शिवण उसवली. कव्हर उचललं. नव्या फोममध्ये पोकळी होती. सुरीची खूण कुठेच नव्हती. मासा ठेवायला तिनं हात आत घातला... कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. वीतभर जाडीची सीट, आणि तळ लागत नव्हता. आतून तोच खारट वास येत होता. बोटं सुटली आणि मासा आत गेला. पडल्याचा आवाज आला नाही.

"अहो..." ती म्हणाली. "चूक माझी आहे. ते सार... मला ठाऊक होतं."

"मलाही," गिल्सू म्हणाला. "दोरा दातांत अडकला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

तिनं त्याची बाही घट्ट धरली, पण बाहीच तेवढी हातात राहिली. तो वाकला, गुडघे छातीशी घेतले आणि सावकाश त्या पोकळीत उतरला. एवढा मोठा माणूस, पण कुठे अडला नाही. आत गेल्यावर एका कडेला सरकला आणि उरलेली जागा हातानं साफ केली.

"आईला हाक मार..." आतून आवाज आला. "तिनंही वाटीभर घेतलंय."

हाक मारायची गरज पडली नाही. म्हातारी अंगण ओलांडून येतच होती. रबरी चपलांखाली खडी वाजत नव्हती. एरवी भिंत चाचपत चालणारी ती बाई नीट ओक्बुनकडे बघत आली, पापणी न लववता. टेम्पोत चढली आणि पोराशेजारी अंग मुडपून आडवी झाली. मग तिनं दाभण उचलून सुनेच्या हातात दिलं. दाभणात दोरा ओवलेला होता, पांढरा.

"टाके बारीक घाल, सूनबाई," म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "मागच्या बाईनं फार सैल घातले होते..."