‘पुढच्या महिन्यात नक्की’चा दुसरा भाग

पनवेलच्या एसटी स्टँडवर दिपा त्या दिवशी कडाकडा भांडली, आणि तेही भलत्याच माणसाशी.

श्रावणातला शनिवार होता. एका बाजूला ऊन पडलेलं, दुसऱ्या बाजूला भुरभुर पाऊस. न्यू पनवेलच्या दातांच्या दवाखान्यातलं रिसेप्शनचं काम आटोपून ती घाईघाईने स्टँडवर आली, तर नेऱ्याच्या गाडीचा पत्ता नाही. कोपऱ्यातल्या एका खिडकीवर ‘चौकशी’ लिहिलेलं दिसलं. आत खाकी शर्टातला, चष्मा लावलेला एक तरुण मन लावून पेन्सिलीला टोक काढत बसला होता.

“नेऱ्याची गाडी कधी आहे?”

“येईल.”

“कधी येईल?”

“आली की कळेलच ना तुम्हाला.” त्याने पेन्सिलीवर फुंकर मारली.

दिवसभर लोकांच्या दाढांची रडगाणी आणि डॉक्टरांची बोलणी ऐकून दिपाचं डोकं आधीच तापलेलं होतं. तिने छत्री मिटली आणि खिडकीच्या कट्ट्यावर आपटली.

“अहो, पेन्सिलीला टोक काढायचा पगार मिळतो का तुम्हाला? मीपण काउंटरवरच बसते. माणूस दुखणं घेऊन समोर उभा असतो, तेव्हा मान वर करून बघावं तरी! एवढा कंटाळा येतो तर सोडा ना नोकरी. बघू तरी हिंमत!”

त्याने मान वर केली. डोळे मोठे, टपोरे, आणि त्यात चक्क आनंद! आजूबाजूची चार माणसं हसायला लागली. तेवढ्यात उभ्या असलेल्या रिक्षातून कुणीतरी ओरडलं, “कट! अरे, काय झालंय शॉट!”

दिपा आधी पांढरी पडली, मग लाल झाली. खिडकीही खोटी, कारकूनही खोटा. रिक्षातून कॅमेरा घेऊन केतन उतरला, खांबामागून दिग्दर्शक शैलेश धावत आला. दोघंही एकाच वेळी माफी मागत होते आणि कौतुकही करत होते. नेऱ्याची गाडी मात्र खरी होती आणि ती नेमकी तेव्हाच लागली. दिपा कुणाला काही न बोलता गाडीत चढली. खिडकीतून पाहिलं, तर तो खाकी शर्टवाला पावसात तसाच उभा होता, तिची छत्री हातात घेऊन.

छत्रीवर दवाखान्याचं नाव छापलेलं होतं. सोमवारी ती घेऊन तो तिथे हजर झाला. खाकी शर्ट नाही, चष्मा नाही. तरी डोळ्यांवरून तिने ओळखलं.

“दाढ दुखतेय?” तिने मान वर न करता विचारलं.

“नाही… मान वर करून बघायचं असतं म्हणे काउंटरवर.”

ती हसू दाबत राहिली, पण ते ओठांच्या कोपऱ्यातून निसटलंच. तो म्हणाला, “मी प्रितम. ओवे गावचा. तुमचं भांडण सिनेमात ठेवायचंय आम्हाला, पण तुम्ही हो म्हणालात तरच. नाही म्हणालात, तर शैलेश आत्ताच्या आत्ता पुसून टाकेल. रडेल, पण पुसेल.”

“कुठला सिनेमा?”

“‘पुढच्या महिन्यात नक्की’. त्याचा दुसरा भाग.”

दिपाच्या हातातला पेन थांबला. पहिला भाग तिने मोबाइलवर पाहिला होता. ज्या दिवशी डॉक्टरांनी तिला कबूल केलेली नव्या शाखेची जबाबदारी आपल्या भाचीला दिली, त्याच संध्याकाळी. तीन मित्र, तीन अडकलेल्या नोकऱ्या, आणि साहेबाकडे बढतीचं विचारलं की दर वेळी एकच उत्तर, ‘पुढच्या महिन्यात नक्की’. रडायला म्हणून ती अंथरुणात शिरली होती आणि इतकी हसली होती, की आई धावत बघायला आली.

“म्हणजे तो पॅकिंगवाला… खोक्यात झोपणारा… तुम्ही?”

“मीच. लिहिलंयपण मी. आणि खरोखरचं पॅकिंगपण मीच करतो, तळोज्याच्या कारखान्यात. खोक्यात झोपत नाही फक्त.”

“एवढा गाजला तुमचा सिनेमा, तरी अजून तिथेच?”

“म्हणून तर दुसरा भाग आहे.” तो प्रसन्न हसला. “पाच वर्षं गेलीत आणि तिघांच्या फक्त खुर्च्या बदलल्यात.”

त्याच्या हसण्यात कडवटपणा नव्हता. दिपाला त्याचंच नवल वाटलं. असं तिलाही जमलं असतं तर…

“एका अटीवर,” ती म्हणाली. “मला शूटिंग बघायचंय.”

“बघायला कशाला? करायलाच या.”

अशा रीतीने दिपाचे रविवार सिनेमाचे झाले. तिच्या भांडणावरून प्रितमने आणखी तीन प्रसंग लिहिले. चौकशीवाल्या कारकुनाला रोज झापणारी एक मुलगी, जी शेवटी स्वतःची नोकरी सोडते. तो लिहायचा कंपनीच्या बसमध्ये, म्हणून वहीतली अक्षरंही खड्ड्यांप्रमाणे वर-खाली जायची. दिपाला ती अक्षरं हळूहळू वाचता यायला लागली. मग ती वाचून दाखवताना त्याचं तिच्याकडे बघत राहणं… तेही वाचता यायला लागलं.

“एवढं काय बघता?”

“वाक्य बरोबर येतंय का, ते.”

“वाक्य कानाने ऐकतात.”

“मला नीट ऐकू येत नाही. यंत्राच्या आवाजाने.”

“खोटारडे!”

ती हे सगळं थट्टेवारी नेत होती. पण एका रविवारी थट्टा संपली.

त्या दिवशी खांदेश्वरच्या एका रिकाम्या ऑफिसात शूटिंग होतं. शिपायाच्या कामाला कमलाकर काका होते. प्रितमच्याच कारखान्यातून रिटायर झालेले, आयुष्यात कधी कॅमेऱ्यापुढे न आलेले. एकच वाक्य होतं त्यांना, आणि तेच अडलं. तीनदा झालं, चारदा झालं. काकांच्या ट्रेमधला चहा बशीत सांडला. कुणीतरी जांभई दिली. भाड्याने आणलेले दिवे तापले होते, शैलेशचा चेहरा त्याहून जास्त. काका खालच्या आवाजात म्हणाले, “दुसरा कोन तरी बघा. माज्याच्यानं नाय व्हायचं.”

“एकदा शेवटचं करू, काका,” प्रितम म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला आणि या वेळी प्रितमच चुकला. साधं वाक्य होतं, पण त्याची जीभ अशी काही वळली की ‘अर्ज’चा ‘गाजर’ झाला. परत केलं, तर तो स्टुलावरून थेट खाली! गुडघा फुटला. शैलेश वैतागून ओरडला, केतनने कपाळावर हात मारला. सगळ्यांचा राग एका क्षणात प्रितमवर वळला. आणि काका… काकांनी ट्रे खाली ठेवला, त्याला हात देऊन उठवलं. “आरं पोरा, दमानं घे. घाबरतोस कशाला? आमी हाव ना.”

पुढच्याच शॉटला काकांचं वाक्य असं खणखणीत आलं, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जिन्यात प्रितम एकटाच बसून गुडघ्यावर रुमाल बांधत होता. दिपा त्याच्याजवळ उभी राहिली.

“मुद्दाम पडलात ना?”

“छे! स्टूल लंगडं होतं.”

“मी बसून बघितलं. चांगलं आहे.”

त्याने जिन्याच्या वर नजर टाकली. मग हळूच म्हणाला, “काकांना सांगू नका. मी कामाला नवा लागलो, तेव्हा माझ्या चुका ते आपल्या अंगावर घ्यायचे.”

दिपाने त्याच्या हातातून रुमाल काढून घेतला, वाकून नीट बांधला आणि गाठ मारून मान वर केली. एवढा मनाचा मोठा माणूस, आणि आपल्याकडे बघताना लहान मुलासारखा श्वास रोखून बसलेला. ती पटकन उठून गेली. घरी जाईपर्यंत गाडीच्या खिडकीतून तिला काहीच दिसलं नाही.

दिवाळीच्या आधी मुंबईहून एक निर्माते आले. शैलेशच्या घरी लॅपटॉपवर त्यांनी झालेलं काम पाहिलं. स्टँडवरच्या भांडणाला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “हाच तुमच्या सिनेमाचा जीव आहे,” म्हणाले. “सगळा खर्च माझा. महाराष्ट्रभर लावू. फक्त हा कारकून बदलू या. एखादा ओळखीचा चेहरा घेऊ. लेखक म्हणून याचं नाव राहीलच.”

शैलेश आणि केतन एकमेकांकडे बघायला लागले.

प्रितमच आधी बोलला. “चालेल. पण कमलाकर काकांचं काम कापायचं नाही, एवढंच बघा. सिनेमा लोकांपर्यंत जायला पाहिजे. मी काय, आज ना उद्या…”

“पुढच्या महिन्यात नक्की?” दिपा दाराशी उभी होती, तिथून तिचा आवाज आला.

सगळे वळले. ती आत आली. गाल तापले होते, पण आवाज स्वच्छ होता.

“साहेब, ते भांडण पुन्हा शूट करावं लागेल ना? मग माझीही परवानगी लागेल. ती मी देणार नाही.”

निर्माते समजुतीने हसले. “अहो, तुमचं काम तर राहतंय. समोर दुसरा नट असेल एवढंच. अभिनय म्हणजे…”

“मला अभिनय येत नाही. त्या दिवशी मी खरीच चिडले होते. आणि नंतर जे प्रसंग केले ना, त्यातपण…” ती अडखळली. प्रितमकडे बघायचं नाही, असं ठरवूनही बघितलं. “त्यातपण जे होतं, ते खरंच होतं. समोर हे होते म्हणून. दुसऱ्या कुणावर मला असं चिडता येणार नाही… आणि बाकीचंही काही करता येणार नाही.”

केतनला खोकला आला. तो खोकला नव्हता, हे सगळ्यांना कळलं.

निर्माते विचार करून कळवतो म्हणाले. शैलेश म्हणाला, “कळवू नका साहेब. आमचं ठरलंय.” आणि केतनने लॅपटॉप मिटला.

आता रविवारांची संख्या वाढणार होती. केतन लग्नाच्या शूटिंगमधून कॅमेरा सुटेल तेव्हाच येणार, शैलेश मिळेल ती जागा शोधणार. पण त्या संध्याकाळी तिघंही असे हसत होते, जणू काही मिळवूनच बसलेत.

“सोडू का नेऱ्याला?” प्रितमने विचारलं. बाइकवर दोघांच्या मध्ये दिपाने आपली पिशवी ठेवली होती. शहर मागे पडलं, समोर डोंगर निळे झाले, भाताच्या लोंब्यांचा गोडसर वास आला. गाढी नदीच्या पुलावर त्याने गाडी थांबवली.

“दिपा, मला… म्हणजे आज तू जे… तुम्ही जे…”

“तूच म्हण.”

“तू जे बोललीस, त्याचं उत्तर द्यायचंय. सगळ्यांची वाक्यं मी लिहितो आणि आता माझंच…” त्याने हताश होऊन नदीकडे पाहिलं. “मला काय द्यायला जमेल, माहीत नाही. तळोजा सुटेल की नाही, तेही माहीत नाही. पण आयुष्यभर तू माझ्यावर चिडावंस… असं वाटतं.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचंपण.” तो इतक्या हळू बोलला की पाण्याच्या आवाजात ते बुडालं असतं. पण तिने ऐकलं. मधली पिशवी तिने मांडीवर घेतली आणि सरकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“चल आता. आणि खड्डे बघून चालव.”

घराशी वडील, आनंदा, ओट्यावर काकड्या निवडत बसले होते. बाइक बघून त्यांनी पंचा झटकला. “उभा का पोरा? ये ना घरात.”

प्रितम ओट्याच्या टोकावर अंग चोरून बसला. आई, सखूबाई, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ज्या प्रश्नाची त्याला आयुष्यभर धास्ती होती, तोच विचारला.

“काम काय करतोस रं?”

प्रितमला तोंडात घास नसतानाही ठसका लागला. दिपा पुढे झाली. मान ताठ, डोळ्यांत चमक.

“तळोज्याला पॅकिंग करतो, आई. आणि लोकांना हसवतो. त्या दिवशी मी अंथरुणात हसत होते ना, ते यानेच हसवलेलं.”

आईने तांब्या त्याच्यापुढे ठेवला. वाकून त्याचा चेहरा बघितला.

“हसवतो म्हनतेस… ह्यो तर रडायला आलाय नुसता!”

आनंदा आधी हसले. मग दिपा. मग प्रितमलाही राहवेना. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून खरंच पाणी यायला लागलं, आणि सखूबाई पदर तोंडाला लावून आत वळल्या.

“बस,” आतूनच म्हणाल्या, “जेवल्याबिगर जायाचं नाय.”