दुसऱ्याच्या कानी

"उद्या सकाळी ऑपरेशन आहे रे. गळ्यातली आवाजाची पेटीच काढून टाकणार आहेत… त्यानंतर तुझे बाबा बोलू शकणार नाहीत. कधीच."

आईचे शब्द रिसीव्हरमधून त्याच्या कानी पडले. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी अशा थाटात उभा असलेला तो तरुण मिशनरी एका क्षणात आईला बिलगू पाहणारं लेकरू झाला. पण बिलगणार कुणाला? आई दोन दिवसांच्या प्रवासाइतकी दूर होती, आणि हातात होता तो नुसता फोन.

नाताळचा दिवस होता. मॉर्मन पंथाच्या मिशनऱ्यांना त्या काळी घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच असे, एकदा मातृदिनाला आणि एकदा नाताळात. तिथल्या चर्चच्या मंडळीतल्या एका प्रेमळ शिक्षिकाबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं होतं, आणि जेवणं झाल्यावर फोन त्यांच्या हवाली करून त्या मुद्दाम शेजारच्या घरी जाऊन बसल्या होत्या. दोघांना, कारण मिशनरी एकटा कधी नसतोच. त्याचा जोडीदार होता लंबू. दिसेल त्या चौकटीला कपाळ आपटणारा, पण मनाने लोण्याहून मऊ! नाताळाच्या दिवसांत लोक पाहुणे आले असं समजून हसतमुखाने दार उघडत, आणि दारात हे दोघे दिसले की त्यांचे चेहरे असे काही पडत, की लंबूच उलट त्यांची समजूत घालत असे.

"मी येतो, आई. आत्ताच निघतो."

"निघून काय करशील? तू पोचशील तोवर सगळं होऊन गेलेलं असेल. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी मला."

बाबा सोफे-खुर्च्यांच्या गाद्या बसवण्याचं काम करत. तोंडात बारीक खिळे धरून हातोडी चालवायची सवय, त्यामुळे बोलणं आधीच बेताचं. आई आणि तो चर्चमध्ये जात, बाबा कधी गेले नाहीत. पण अडवलंही नाही. अडवलं ते मुलाने दोन वर्षं सेवेला जायचं ठरवलं तेव्हा. ऐन कामाच्या हंगामात हाताखालचा एकुलता एक माणूस जाणार, तोही लोकांची दारं ठोठावायला! "गेलास तर माझ्याशी बोलू नकोस," एवढंच म्हणाले आणि त्यानंतर त्यांनी जी मिठाची गुळणी धरली ती धरलीच. निरोप द्यायला आले नाहीत, पत्राला उत्तर नाही, मातृदिनाच्या फोनवरही आले नाहीत.

"एकदा बोलव ना त्यांना, आई. एकदाच. मला त्यांचा आवाज ऐकू दे."

आई गेली. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग कारखान्याच्या खोलीतली हातोडी थांबली, आईचं विनवणं अस्पष्ट ऐकू आलं… आणि हातोडी पुन्हा सुरू झाली. त्या ठोक्यांनीच त्याला उत्तर कळलं. आई परत आली आणि म्हणाली, लंबूला दे जरा, त्या पोरालाही नाताळच्या शुभेच्छा देते. त्याने मुकाट्याने रिसीव्हर लंबूच्या हाती दिला, आतल्या न्हाणीघरात जाऊन दार लावलं, नळ सोडला आणि त्या पाण्याच्या आवाजाआड पोटभर रडला. परमेश्वरा, इतक्या अनोळखी माणसांनी मला दारात उभं केलं, दोन शब्द ऐकून घेतले, आणि माझ्या बापाला माझ्याशी एक शब्द बोलवत नाही?

तोंड पुसून तो बाहेर आला आणि जागीच थबकला. लंबू भिंतीला टेकून ताठ उभा होता, रिसीव्हर कानाशी घट्ट, डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्याला पाहताच लंबूने तोंडावर बोट ठेवलं आणि रिसीव्हर पुढे केला. त्याने तो झडप घालून कानाला लावला.

"बरं… एवढंच," बाबांचा आवाज आला, खरखरीत, तुटत तुटत. "थंडी असेल तिकडे. डोकं झाकत जा. ठेवतो."

आणि फोन बंद झाला.

लंबू हात जोडत सांगू लागला, की शुभेच्छा देऊन आई 'आता त्याला दे' म्हणाली, आणि हाक मारायच्या आतच बाबांनी तिच्या हातून फोन घेतला, आणि पहिलंच वाक्य म्हणाले, मध्ये बोलू नकोस, बोललास तर मला पुन्हा जमणार नाही. काय करायचं होतं त्याने? हाक मारावी तर बाबा गप्प होतील, सोडून धावावं तर त्यांचे शब्द हवेत जातील. फोनची वायर तर न्हाणीघरापर्यंत पोचत नव्हती.

पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. नियम एकाच फोनचा होता, तरी त्याने घरचा नंबर फिरवला. बाबा, तो मी नव्हतो! पुन्हा बोला, पहिल्यापासून बोला!

फोन आईने उचलला. ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

"बोलले रे तुझ्याशी! डॉक्टरांनी शब्दही काढू नका म्हणून बजावलं होतं, तरी बोलले. आता थुंकीतून रक्त येतंय, आवाज पार बसलाय. इथे शेजारीच बसलेत… खुणेने विचारतायत, सगळं नीट ऐकू आलं ना त्याला?"

ओठांवर आलेलं वाक्य तिथेच राहिलं. खरं सांगितलं असतं तर त्या माणसाने रक्त ओकत पुन्हा सगळं सांगितलं असतं, हे तो जाणून होता. बाबांचा आवाज उद्या सकाळपर्यंत होता. मागितला असता तर मिळाला असता…

"त्यांच्या कानाला लाव, आई," तो म्हणाला. पलीकडे जड श्वास ऐकू आला. "बाबा, ऐकलं. सगळं ऐकलं. एक शब्दसुद्धा सुटला नाही."

श्वास एकदा अडखळला, मग संथ झाला. तो श्वास तो ऐकत राहिला, आईने फोन ठेवेपर्यंत.

मग लंबूसमोर खुर्ची ओढून तो बसला.

"सांग."

"म्हणाले, तू निघालास त्या दिवशी मी स्टँडवर आलो होतो. खांबाआड उभा होतो. तू गाडीत चढताना वळून वळून बघत होतास, मला दिसत होतं, पण पाऊल उचललं नाही. गाडी निघाल्यावर तिच्यामागे पळत सुटलो." लंबूने बाहीने डोळे पुसले. "मग बराच वेळ नुसते रडले. मग विचारलं, रागावलास का रे माझ्यावर?"

"मग?"

"थांबून राहिले ते. उत्तराची वाट बघत होते. मी… मला राहवलं नाही. मी अगदी हळू म्हणालो, नाही, बाबा." लंबूची मान खाली गेली. "मला माफ कर. ते तुझं उत्तर होतं. मी देऊन टाकलं."

रागावला होता तो. वर्षभर, प्रत्येक बंद दाराशी, प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी रागावलेला होता, आणि आज, न्हाणीघरातून बाहेर येईपर्यंतसुद्धा.

"बरं केलंस," तो शेवटी म्हणाला. "मी असतो, तर इतक्या लवकर म्हणालो नसतो."