भाग्यश्रीची हाक

पेंग्विनांच्या वसाहतीला सुकटीच्या बाजाराचा वास येतो, हे टीव्हीवाले कधी सांगत नाहीत. आमच्या घरात सुकट कधी शिजली नाही. पण नाशिकरोडच्या बाजारातून नाक दाबून जायची सवय होती, ती अंटार्क्टिकात कामाला आली.

२००७ चा जानेवारी. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो आणि भाग्यश्रीला म्हटलं, काशीला सगळेच जातात, आपण बर्फ बघू. जहाजावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्यातही थंडीने बायकोचा घसा असा बसला, की बोलणारा मी एकटाच उरलो. "बरं झालं, जरा शांतता," मी चिडवलं. तिने डोळे वटारले.

त्या सकाळी लख्ख ऊन होतं. रबरी होडीतून निघालो. एका हिमखंडावर सील लोळत पडला होता. भाग्यश्रीने आधी त्याच्याकडे बोट दाखवलं, मग माझ्या पोटाकडे.

किनाऱ्यावर उतरल्यावर गाइडबाईंनी माहिती दिली. हजारोंच्या गोंगाटात समुद्रावरून आलेली मादी हाक मारते, आणि तिचा नर ती बरोबर ओळखून ओ देतो. ओ दिली की जोडी पक्की. मला त्यात नवल वाटलं नाही. बॉयलरच्या घरघरीत कुठलं बेअरिंग गेलंय, ते मी नुसत्या कानाने सांगायचो.

"अहो!"

हाक मागच्या खडकांकडून आली. आवाज भाग्यश्रीचाच, शेवटी जरा ओढलेला. मी चष्मा विसरलो की ती अश्शीच हाक मारते. माझं नाव तिने कधी घेतलं नाही. लग्नापासून मी 'अहो'च. तोंडातून आपसूक गेलं, "आलो गं!"

मग लक्षात आलं, ती शेजारीच उभी होती. तोंडाला मफलर घट्ट गुंडाळलेला. तिनेही ऐकलं होतं. तिने माझी बाही दोन्ही हातांनी धरली.

सगळी वसाहत गप्प झाली होती.

खडकांपाशी कोणी नव्हतं.

घरी आल्यावर डॉक्टरांनी तपासलं. घसा ठणठणीत आहे म्हणाले. आवाज काही परतला नाही.

हाक मात्र येते. संध्याकाळी, स्वयंपाकघरातून. "अहो, चहा झालाय." तेव्हा भाग्यश्री सोफ्यावर माझ्याजवळ असते. ती माझा हात धरते आणि हाक थांबेपर्यंत सोडत नाही. भूतंखेतं मला पटत नाहीत, पण मी उठत नाही.

खरं सांगायचं तर मला तो आवाज हवासा वाटतो. त्याच्यावाचून घर खायला उठतं.

आज ती बहिणीकडे देवळाली कॅम्पला गेली. जाताना खुणेने बजावलं, उठायचं नाही.

"अहो, चहा गार होतोय."

शेजारची जागा रिकामी होती.

"आलो गं," म्हणालो आणि उठलो.

स्वयंपाकघराच्या दारापाशी आल्याच्या चहाचा छान वास आला. त्याच्या मागून, हलकासा, सुकटीचा.