चार हात पाणी

आम्ही तीन वर्षं पाण्यावर राहिलो, एकोणीसशे एकोणतीस ते बत्तीस. घर म्हणजे बाचा मचवा. मागच्या बाजूला चार माणसं आडवी होतील एवढी फळ्यांची खोली, वर नारळाच्या झापांचं छप्पर आणि दाराशी पत्र्याच्या डब्यात लिंपलेली मातीची चूल. पावसाळ्यात मचवा बागमांडल्याच्या वाळूत ओढून ठेवायचा आणि मामाच्या पडवीत राहायचं. बाकी आठ महिने बाणकोटच्या खाडीत.

बाणकोटला मोठी गलबतं मंगलोरी कौलं आणून उतरवत. ती भरून आम्ही सावित्रीतून वर महाडपर्यंत जायचो आणि येताना भात आणि जळाऊ लाकूड आणायचो. भरती लागली की वर सरकायचं, ओहोटी लागली की नांगर टाकून तिवरांच्या आडोशाला थांबायचं. घाई कुणालाच नसे. ओहोटीला दोन्ही काठांचा चिखल उघडा पडे, त्यातून बुडबुडे फुटत, निवटे मासे उड्या मारत आणि ओल्या कौलांचा मातकट वास भाकरीपर्यंत येई. तो वास मला अजून चांगला वाटतो.

बायकापोरांना मचव्यावर राहायला कुणी नेत नसे. पण बाचे दोन खलाशी मुंबईच्या गोदीत पगारावर गेले, उरला एकटा भिकू. तेवढ्यात आजी वारली, घरी आम्हाला सोबत उरली नाही. बानं घराला कुलूप लावलं आणि आई, माझी थोरली बहीण केसर आणि मी, तिघींना मचव्यावर चढवलं. बाणकोटच्या धक्क्यावर लोक चेष्टा करत.

"काय भागोजी, चूल आनलीस. आता म्हस कवा आनतोस?"

"आनतो की," बा म्हणायचा. "पन आधी तिला शीड वडाय शिकवाय पायजे. तुला यवडी वर्सं जमलं न्हाय."

केसर माझ्याहून चार वर्षांनी मोठी होती. तिच्याकडे खलाशाचं काम आलं. मचव्याच्या पुढच्या टोकाला आम्ही नाळ म्हणतो. तिथं उभं राहून लांब बांबू पाण्यात सोडायचा आणि किती हात पाणी आहे ते ओरडून सांगायचं. बांबूवर हाताहाताच्या अंतरावर आईनं काथ्याच्या गाठी बांधल्या होत्या. भरलेल्या मचव्याला तीन हात पाणी लागे. त्याहून कमी झालं की रुतलाच.

मधे कौलांची थप्पी इतकी उंच असे की मागं सुकाणूवर बसलेल्या बाला पुढचं काही ऐकू येत नसे. म्हणून मला थप्पीवर बसवलेलं असायचं. केसर म्हणायची "पाच", मी तोच आकडा मोठ्यानं म्हणायचा. त्यानं बाला कळे आणि केसरला कळे की बाला कळलं. याला आम्ही बोल देणं म्हणायचो. बोल आल्याशिवाय बांबू वर काढायचा नाही आणि काही झालं तरी तो हातातून सोडायचा नाही, असा बाचा दंडक होता. आधी भिकूनं दोन बांबू चिखलात घालवले होते, त्यावरून.

काठ जवळ आला की केसरचा आवाज बदले. "तीन." "दोन." नाळ उताराची असल्यामुळे ती काठावर चढली की तिच्याखाली हातभरच पाणी उरे. केसर "एक" म्हणे, मी बोल देई, मग ती दोरी घेऊन खाली उडी मारी आणि मला उतरवायला हात वर करी.

"हात पूस गो आधी," दर वेळी म्हणायची. "वला हात निसटतो."

एकतीस सालच्या माघातली गोष्ट. आंबेत गाव मागं टाकून आम्ही वर चाललो होतो. दुपारची वेळ, ऊन लख्ख, वारा बेताचा. त्या दिवशी मी हट्ट धरला होता की बांबू मी धरणार.

"तुला चिखल वडून न्हेल गो," केसर हसून म्हणाली. "तू आपली पोपटावानी बोल. तेच बरं हाय तुला."

भिकूही हसला. मला ते लागलं. मी थप्पीवर जाऊन बसले, तोंड काठाकडे फिरवलं.

पुढच्या वळणावर तिचा आवाज आला. "चार."

मी बोलले नाही.

"चार."

समोर तिवरात एक बगळा एका पायावर उभा होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"जने, चार."

मग काही नाही. मला वाटलं, आता ती येऊन माझी वेणी ओढेल. थोड्या वेळानं मान वळवली. नाळेवर कुणी नव्हतं. मचव्याच्या उजव्या अंगाला, पाण्यात सरळ उभा असलेला बांबू हळूहळू मागं जात होता.

तिला पोहायला येत होतं. भिकू आणि बा दोन भरत्या आणि दोन ओहोट्या पाण्यात होते. आंबेतचे लोक होड्या घेऊन आले. बांबू तिघांनी मिळून ओढला तरी निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथं नव्हता. केसर मिळाली नाही.

सगळे म्हणाले, पाय घसरला. मीही तेच म्हणाले.

नारळी पुनवेनंतर मचवा पुन्हा पाण्यात लोटला. दुसरं काही करता येत नव्हतं. नवा बांबू आला, आईनं त्यावरही गाठी बांधल्या, नाळेवर भिकू उभा राहू लागला. मी थप्पीवर बसून बोल देत होते. एकही चुकवत नव्हते.

पहिल्याच फेरीत, त्या वळणावर, भिकू म्हणाला, "पाच."

"पाच," मी म्हणाले.

"चार," पुढून आवाज आला.

भिकूनं मागं वळून पाहिलं. "गपचिप पाच म्हन की. मदीच चार कशाला?"

"मी नाही म्हटलं."

त्यानं बांबू पुन्हा टाकला. चारच हात भरलं. पावसानं तळ बदलला असेल, असं तो पुटपुटला. तो मचव्यावर वाढलेला माणूस होता, त्याला पाण्याचं कारण सापडलं की पुरत असे. पुढच्या फेरीत तो आकडा सांगायच्या आधीच "चार" आलं. या वेळी त्यानं मागं पाहिलं नाही. बांबू आडवा ठेवला आणि कौलांना पाठ लावून खाली बसला.

आई चुलीपाशी होती. तिच्या हातातली भाकरी परातीत पडली. ती थप्पीला वळसा घालून पुढं गेली आणि नाळेपाशी उभी राहिली, केसर उभी राहायची तिथं नाही, शेजारी. जागा सोडून.

"चार," बा सुकाणूवरून मोठ्यानं म्हणाला. इतक्या लांबून त्याला कसं ऐकू आलं, मला ठाऊक नाही. त्याचा आवाज फाटला होता.

"चार," पुन्हा आलं.

"चार, माजे बाय," आई म्हणाली. "चार. आयकलं."

"चार."

आवाज तिचाच होता. घोगरा नाही, घाबरलेला नाही. काम करणाऱ्या माणसाचा, मागून बोल येत नाही म्हणून थोडा चढवलेला. बा बोल देत होता, आई देत होती, भिकूनंही दिला. ती म्हणतच राहिली.

आईनं मागं वळून थप्पीवर माझ्याकडे पाहिलं.

ती कौलांवरून माझ्याजवळ चढून आली. "जने," हळूच म्हणाली, "त्या दिशी तू बोल दिला व्हतास ना?"

मी मान हलवली. नाही.

मला वाटलं, ती मारील. मारायला हवं होतं. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तळव्याला राखेचा आणि सुकटीचा वास होता.

"आता बोल देऊ नको," ती म्हणाली. "तू बोललीस का ती बांबू काडंल. मंग कशाला थांबंल हितं?"

"जने, चार," पुढून आलं.

मी बोलणारच होते. आईच्या तळव्याखाली माझे ओठ हलले, ते तिला कळलं असणार. तिनं हात आणखी दाबला. मचवा वळणातून बाहेर पडला आणि आवाज मागं राहिला.

तो सगळा मोसम तसाच गेला. ते वळण जवळ आलं की आई हातातलं काम टाकून थप्पीवर येई आणि माझं तोंड झाकी. दुसऱ्या हातानं माझे केस कुरवाळी. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असे, ते मी पुढं कधी पाहिलं नाही, माझ्या लग्नातही नाही. लेकीच्या सासरी जाऊन आल्यासारखी ती दिवसभर हलकी असे. "आज बरा व्हता आवाज," बाला सांगे.

पण आवाज बरा नव्हता. दर फेरीला तो जरा खाली येत होता. मला ते कळत होतं, आईलाही कळत असणार. हात फार वेळ वर धरून ठेवलेल्या माणसाचा आवाज होतो तसा.

बत्तीसच्या वैशाखात बानं मचवा दाभोळकडच्या एका माणसाला विकला. आईनं चार दिवस अन्न घेतलं नाही. बा तिला एवढंच म्हणाला, "पोरगी दमली, आवडे."

आम्ही मामाकडे राहिलो, मग पेणला गेलो. बा गेला. आई अठ्ठावन्न साली गेली. शेवटच्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. "बोल दिलास?" तिनं विचारलं.

"नाही, आई."

"बरं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

तिच्यामागं मी मोकळी होते. तरी पन्नास वर्षं त्या खाडीकडे फिरकले नाही. का, ते सांगता येत नाही. आईला शब्द दिला होता असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला भीती वाटत होती की तिकडं काहीच ऐकू येणार नाही.

गेल्या महिन्यात माझा मुलगा मला हरिहरेश्वराला घेऊन गेला. परतताना म्हणाला, आंबेतच्या पुलावरून जाऊ. भर दुपार होती. मी पुलावर गाडी थांबवायला सांगितली, कठड्याला धरून उभी राहिले. खाली ओहोटी होती. तिवरं तशीच, चिखल तसाच. वरच्या अंगाला ते वळण दिसत होतं.

आवाज आला नाही. मी बराच वेळ थांबले. मग मी आपणहून म्हणाले, मोठ्यानं, थप्पीवरून म्हणायची तसं.

"चार."

"काय चार?" मुलानं विचारलं.

त्याच वेळी ते आलं. वळणाकडून नाही, पुलाच्या अलीकडून.

"तीन."

मी बोल दिला.

पेण त्या पुलापासून दूर आहे, मधे डोंगर आहेत, घाट आहे. घराजवळ पाणी म्हणजे मागची विहीर. परवा संध्याकाळी मी ओटीवर निवडायला तांदूळ घेतले होते, तेव्हा दारातल्या आंब्यापलीकडून "दोन" आलं. आवाज तोच, बारा वर्षांच्या मुलीचा. दमलेला मात्र नव्हता. मी बोल दिला. सून आतून म्हणाली, "आई, कुणाशी बोलताय?" मी म्हटलं, तांदळातले खडे मोजते.

आज सकाळी "एक" आलं.

मी बोल दिला नाही. तिला म्हटलं, थांब, एवढं लिहून होऊ दे. मुलाला काही ठाऊक नाही. आमच्यापैकी कुणीच त्या दुपारचं कधी बोललं नाही. कुणीतरी लिहून ठेवायला हवं की तिचा पाय घसरला नव्हता.

आतापर्यंत दोनदा आलं आहे. ओटीच्या पायरीखालून, अगदी जवळून. तिसऱ्या वेळी ती माझं नाव घेईल.

हात पदराला पुसून कोरडा करून ठेवला आहे.