झाडपट्टीचं पाणी

"हे झाड तर मेलंच हाये! घाल कोयता!"

असं ओरडून सूर्यभानने कोयता उगारलासुद्धा! शाळेला शिमग्याची सुट्टी लागली होती, होळीला लाकडं हवी होती, आणि जुन्या अकोल्याच्या त्या पेठेत वाळलेल्या आंब्यांना तोटा नव्हता. पण त्याची धाकटी बहीण शकुन आडवी आली.

"दादा, रऊफकडे पाह्य जरा!"

त्यांचा मित्र रऊफ तोंड फिरवून उभा होता. या झाडांना पाणी घालायचं काम त्याच्या अब्बांचं, अब्दुल गफ्फार भिश्तींचं. तीन वर्षांमागे पेठेने रस्त्याच्या कडेने आंबे लावले, आणि ज्याचं घर रस्त्यावर जितके हात रुंद, तितकी त्याने झाडपट्टी द्यायची असं ठरलं. त्यातून भिश्तीची मजुरी. पट्टी सगळे भरत होते, आणि तरी झाडं एकामागून एक मरत होती!

"उद्या पंच बसतीन," रऊफ म्हणाला. "म्हणतात, पाय मोडायच्या आधीच गफ्फारनं मजुरी खाल्ली अन् पाणी घातलं नाई. अब्बाचं काम गेलं, तर आमी खावं काय?"

"पण झाडं तर चाचा अंथरुणाले लागल्यावर वाळली!" सूर्यभान म्हणाला.

दिवाळीनंतर कापसाच्या गाडीखाली येऊन गफ्फारचाचांचा पाय मोडला होता. तेव्हा पट्टी गोळा करणाऱ्या नत्थुजींनी मोठं मन दाखवलं. तुम्ही निजून राहा, बैल आणि पाण्याची कातडी पखाल माझा गडी नेईल, म्हणाले. साऱ्या पेठेने त्यांची वाहवा केली.

"पखाल तर रोज भरून निघते, मी पाह्यली हाये," शकुन म्हणाली. "मंग पाणी जाते कुठी?"

दुपारी तिघं मोर्णा नदीच्या काठी दबा धरून बसले. नत्थुजींच्या गड्याने वाळूतल्या झिऱ्याचं पाणी पखालीत भरलं आणि बैल हाकलला. पेठेचं वळण आलं. बैल सवयीने वळू लागला, तर गड्याने त्याला दोन फटके मारून सरळ नेलं, थेट नत्थुजींच्या कापसाच्या वखारीत! पोरांनी कुंपणाच्या फटीला डोळे लावले. आत दोन माणसं कापसाच्या ढिगावर पाणी शिंपडत होती.

"ओला कापूस वजनाले जड भरते!" सूर्यभानच्या तोंडून निघालं.

अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून विलायतेला कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. माणसांची नियत फिरायला तेवढं पुरलं.

"चला, पंच खुशालरावकाकाले सांगू!" सूर्यभान उठत म्हणाला.

"आपलं पोरासोरांचं कोण आयकते?" रऊफ म्हणाला. "पाण्यावर का कोणाचं नाव लिवलेलं असते?"

शकुन एकदम थांबली. "नाव नाई, पण रंग तर असू शकते ना! आपण शिमग्यासाठी पळसाची फुलं उकळून ठेवली हायेत..."

दुसऱ्या दिवशी पखाल भरून झाल्यावर गडी नेहमीप्रमाणे बाभळीखाली लवंडला. रऊफने बैलाच्या गळ्याखाली खाजवलं, ओळखीचा बैल गुमान उभा राहिला. सूर्यभानने पखालीचं तोंड सोडलं, शकुनने केशरी रंगाचा घडा आत रिकामा केला. सूर्यभानने घाईघाईने परत गाठ मारली!

संध्याकाळी पंच बसले. गफ्फारचाचा काठीवर भार देऊन, मान खाली घालून उभे होते. नत्थुजी हळहळत म्हणाले, "मी माणूस देल्ला, पण झाडं आधीच मेली होती. याच्यात माहा काय दोष?"

"काका, आधी नत्थुजीचा कापूस पाहा!" सूर्यभान मुख्य पंच खुशालरावांना म्हणाला. "झाडपट्टीच्या पखालीत आमी रंग घातला होता. झाडाखाली एक थेंब नाई!"

"पोट्टे झाले आता पंच!" नत्थुजी हसले खरे, पण उठून वखारीकडे निघालेही. तेच त्यांना नडलं. सगळे मागोमाग गेले. पाणी वाळलं तसे पांढऱ्या ढिगावर केशरी डाग उठले होते!

नत्थुजींची मान खाली गेली. पट्टीचं काम त्यांच्याकडून तिथल्या तिथे काढून घेतलं गेलं. सगळ्यांनी वाहवा केली, खुशालरावांनी तिघांची पाठ थोपटली. "शाबास रे! मोठ्यायच्या डोळ्यात धूळ गेली, तुमच्या नाई!"

"गफ्फारभाईवर आता बट्टा नाई," कोणी तरी म्हणालं. "पण झाडं तर मेली. मंग पट्टी कशाले भराची?"

"बराबर! बंद करा पट्टी!" सगळीकडून आवाज उठले. खुशालरावांनीही मान डोलावली.

 सूर्यभान धावत सुटला, एकेका झाडाची साल नखाने खरवडत. खाली तपकिरी, परत तपकिरी. मैनाबाईंच्या दारचं झाड मात्र आत हिरवं निघालं!

"हे जितं हाये! काका, हे जितं हाये!"

"मी भरीन पट्टी," मैनाबाई उंबऱ्यातून म्हणाल्या. पेठेत सगळ्यांत अरुंद घर त्यांचं. खुशालरावांनी ओशाळून आपलीही पट्टी चालू ठेवली. बाकीचे गुपचूप आपापल्या घरी पांगले. तीच माणसं आत्ताच शाबासकी देत होती, याचा सूर्यभानला फार राग आला.

"एका झाडावर घर चालत नाई ना," रऊफ हळूच म्हणाला. "अब्बा चांदूरले जातीन. तिथं रेल्वेच्या मजुरांले पाणी पाजाचं काम हाये."

"अशा पायानं?"

रऊफने नत्थुजींच्या वखारीतून परत आणलेल्या बैलाची दोरी हातात घेतली. मग म्हणाला, "मी अम्मीजवळ इथंच राहीन. या झाडाले पाणी कोण घालीन नाई तर?"

दोघांनी मोर्णेवरून पखाल भरून मैनाबाईंच्या झाडाशी आणली, आणि सूर्यभानने पुढे होऊन तिचं तोंड सोडलं. पाणी मातीच्या भेगांत दिसेनासं झालं, तरी दोघं ओतत राहिले.