अर्जुनाला दिलेला ताण

नागपूरबाहेरच्या वृक्षगान उद्यानातल्या यंत्रकक्षात डॉ. कुमुद बोबडे शिरली ती हौसेनं, पण पडद्यावरचा आकडा बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्जुनाचं झाड, तासाला चार हजार दोनशे टिचक्या! दोन वर्षांपूर्वी याच खोडाला तिनं स्वतःच्या हातांनी श्राव्यक बांधला होता, तेव्हा मे महिन्याच्या भर दुपारीसुद्धा आकडा साठाच्या वर गेला नव्हता.

श्राव्यक ही तिचीच निर्मिती. खोडातला, माणसाच्या कानाला न ऐकू येणारा बारीक आवाज टिपून तो सुरांत उतरवायचा, एवढंच त्याचं काम. त्यावर तिनं मुलांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं, शाळाशाळांतून व्याख्यानं दिली आणि त्यातूनच, झाडाझाडाला श्राव्यक बांधलेलं हे उद्यान उभं राहिलं. रोज दुपारी तीनशे माणसं श्रवणगृहाच्या गार हवेत डोळे मिटून झाडाचं गाणं ऐकायची. आज परदेशातून परतलेली कुमुद त्यांची प्रमुख पाहुणी होती.

"पाणी कधी तोडलंत?" तिनं संचालक काळमेघांना विचारलं.

"तोडलं नाही मॅडम, ताण दिलाय," काळमेघ समजुतीच्या सुरात म्हणाले. "आमची काटोलकडं संत्र्याची बाग आहे. बहर धरायचा तर पाणी बंद करावंच लागतं, त्याशिवाय झाड फुलत नाही. इथंही तेच केलं. पाणी होतं तोवर हा अर्जुन मुका तो मुकाच. लोक कंटाळून उठून जायचे. ताण दिला आणि कसा गायला लागला बघा!"

"किती दिवस झाले?"

"तीन महिने झाले असतील."

"अहो, तो गात नाही!" कुमुदचा आवाज चढला. "मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचे बारीक धागे असतात. पान वरून ओढतं, मूळ खालून पुरवतं. खाली पाणीच नसलं की ओढ वाढते, धागा तुटतो, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. त्या तुटण्याचा आवाज म्हणजे ही टिचकी. ती नळी मग बहुधा कायमची बाद. तुमचे लोक टाळ्या वाजवतात ते झाडाच्या शिरा तुटताना!"

"पण गाणं हा शब्द तर तुमच्याच पुस्तकातला आहे नं मॅडम. पहिल्याच पानावर आहे."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर चोरीचा माल तिच्याच घरून गेलेला. 'पाणी तुटण्याचा आवाज' असं लिहिलं असतं तर पुस्तक कुणी हातात धरलं नसतं, म्हणून तिनं 'गाणं' लिहिलं होतं. काळमेघांचा आला त्याहून जास्त राग तिला स्वतःचा आला.

"आत्ताच्या आत्ता पाणी सोडा. नाहीतर मी व्यासपीठावरून हेच सांगेन."

काळमेघांनी कार्यक्रम चार दिवस पुढं ढकलला आणि पाणी सोडलं. कुमुद घरी बसून मोबाइलवर आकडा बघत राहिली. दुसऱ्या दिवशी दीड हजार. तिसऱ्या दिवशी तीनशे. त्या दिवशी ती पोटभर जेवली. चौथ्या दिवशी दुपारी बाराला आकडा शून्यावर आला आणि पाठोपाठ काळमेघांचा फोन. "गप्प झाला मॅडम! तृप्त झाला अगदी. आज लोकांना तृप्तीचं मौन ऐकवू या."

तिनं फोन ठेवला आणि तडक उद्यान गाठलं. धडधाकट झाडसुद्धा मे महिन्याच्या उन्हात पाच-पन्नास टिचक्या देतंच. शून्याचा अर्थ एकच होता.

उद्यानाचा माळी सुदाम उईके अर्जुनाखाली बसला होता. त्यानं विळ्याच्या टोकानं साल खरवडून दाखवली. आत हिरवा थर हवा होता, तिथं तपकिरी भुसा निघाला. तुटायला धागाच उरला नव्हता.

"म्या सांगतलं होतं सायबाले," उईके म्हणाला. "संत्र्याचा ताण कवा तोडाचा, थे पानं पाहून समजते. पानं लोळली का पानी सोडाचं. इथं पानं कोनं पायली, मॅडम? समदे कान लावून बसले होते."

कुमुद तशीच श्रवणगृहात गेली आणि व्यासपीठावर चढली. "हे झाड तृप्त नाही, मेलंय," ती म्हणाली. "तुम्ही रोज इथं बसून त्याचं मरण ऐकलंत. आणि त्याला गाणं म्हणायला मी तुम्हाला शिकवलं."

मग तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी फार सभ्यपणे विचारलं, "अरेरे. मग आज दुसरं कुठलं झाड ऐकवणार?"

"बाजूचं जांभूळ आहे नं!" काळमेघ लगबगीनं उठले. "अर्जुनाला चार दिवस सोडलं ते पाणी त्याचंच वळवलेलं होतं. छान सुरात लागलंय ते. ऐका!"

टपटप सूर सुरू झाले. लोकांनी डोळे मिटले.

कुमुद बाहेर धावली. उईकेच्या हातातला विळा तिनं ओढून घेतला आणि जांभळाच्या खोडावरची श्राव्यकाची तार एका घावात कापली. उईके उठला, जांभळाचं पाणी सोडायला चावीकडं गेला. आतून 'आवाज गेला, आवाज गेला' म्हणून तीनशे माणसं ओरडू लागली, तेव्हा ती पुढच्या झाडाची तार शोधत होती.